पेटीतली चिठ्ठी

लग्न लावताना चर्चच्या पाळकसाहेबांनी आमच्याकडून एकच कबुली घेतली होती. रोज जेवणाआधी दोघांनी बसून प्रार्थना करायची, एक दिवस नवऱ्यानं, एक दिवस बायकोनं. आमचे हे, शिमोन, सहा वर्षं स्वतःची पाळी चुकले नाहीत. नागापूरच्या कारखान्यातून राहुरीला यायला कितीही उशीर होवो, आधी डोळे मिटायचे, मग घास.

मग सासूबाई आजारी पडल्या. ह्यांनी चाळीस दिवस उपास धरला आणि एकेचाळिसाव्या दिवशी आम्ही सासूबाईंना मातीआड केलं. तेव्हापासून ह्यांची पाळी आली की हे मान खाली घालून नुसते बसायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "तूच कर." सात महिने दोघांच्या पाळ्या मीच केल्या. मी काही सोशिक बाई नाही. समजावलं, रुसले, एकदा तर ताट सरकवून उठले. हे भांडतसुद्धा नव्हते. समोर बसलेला माणूस हाती लागत नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी मी महिला मंडळाच्या पेटीत चिठ्ठी टाकली. दर बुधवारी पाच-सहा बायका त्या चिठ्ठ्या घेऊन प्रार्थना करतात, आणि त्यातलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. नाव घातल्याशिवाय प्रार्थना लागू पडायची नाही असं मला वाटलं, जणू देवाला आमचं घर माहीत नव्हतं. लिहिलं, 'माझे पती शिमोन यांचा विश्वास उडाला आहे. तो परत मिळावा.'

नेमकी त्या रविवारी महिलांनी उपासना चालवायची होती. मंडळाच्या इंदूबाई पेटी घेऊनच पुढे गेल्या. सगळ्या मंडळीनं मागितलं तर देव लवकर ऐकेल, असं त्या भाबडेपणानं म्हणाल्या. आमच्याकडे बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. तिसरा कागद माझा होता, मी लांबून ओळखला. उठून हिसकावून घ्यावा असं वाटलं, पण तोवर इंदूबाई वाचू लागल्या होत्या. ह्यांचं नाव चांगलं खणखणीत वाचलं गेलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, ह्यांनीही घातली. मग सगळी मंडळी आमेन म्हणाली. त्या शब्दाची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

दारात लोकांनी ह्यांचे हात हातात घेतले. चर्चच्या कमिटीतल्या एका पंचांनी घरी येऊन प्रार्थना करू म्हणून सांगितलं. हे सगळ्यांना बरं म्हणाले.

घरी मी रडले, चुकले म्हणाले. ह्यांनी मला पाणी आणून दिलं.

"तुला वाटलं, मी सोडलं," हे म्हणाले. "न्हाई सोडलं. माज्या तोंडून शब्द निगत न्हवता, म्हनून तू म्हनायचीस ते मनात तुज्या मागनं म्हनायचो. तेवढंच उरलं हुतं."

"मग आता?"

"आता तू डोळे मिटलेस की वाटंल, माजंच गाऱ्हानं सांगतीय."

संध्याकाळी पाळी ह्यांची होती. ताटं वाढून मी समोर बसले. ह्यांनी मान खाली घातली, म्हणून मी डोळे मिटले. सात महिने मी देवाकडे ह्यांच्याशिवाय दुसरं काही मागितलंच नव्हतं, आणि आता ह्यांना सोडून काय मागायचं ते मला सुचेना. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि जेवायला सुरुवात केली.