त्रिफळा गाळणारी चिंधी

मी चिंधी बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं आहे. कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, कोणी भांडं आपटलं की माझ्या सुतासुताला कापरं भरतं. इतकी विरलेय मी, की कोणी जवळ उभं राहून शिंकलं तरी फाटेन असं वाटतं.

एके काळी मी मलमलची ओढणी होते. या घरातल्या आईची, तिच्या कॉलेजातल्या दिवसांतली. पुढे ओढणी फाटली, तिचे तुकडे झाले. बाकीचे तुकडे फरशी पुसण्यात संपले. मी वाचले ती आईच्या डोळ्यांमुळे. थोरली मुलगी झाली त्या वर्षी आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. तेव्हाच्या वैद्यांनी सांगितलं, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. ते पाणी आईने माझ्यातून गाळलं. महिन्याभरात डोळे बरे झाले, आणि आईने ठरवून टाकलं की गुण माझा.

खरं सांगू? गुण त्रिफळ्याचा होता. हिरडा, बेहडा, आवळा राबले आणि नाव माझं झालं. मला तेव्हाही अवघडल्यासारखं झालं होतं. पण चिंधीला कोण विचारतं? आईने मला धुऊन, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलं. तिथे मी वीस-बावीस वर्षं पडून होते. कपडा नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, हे माणसांच्या लक्षात येत नाही.

मग थोरलीचे डोळे वाहायला लागले.

थोरली रफूचं काम करते. एका जुन्या दुकानात खिडकीपाशी तिचं टेबल आहे. कोटाला भोक पडलं, रेशमी वस्त्राला खिळा लागला, की ते तिच्यापुढे येतं. त्याच कापडातला धागा काढून ती भोक असं भरते की बोट फिरवलं तरी समजू नये. आणि अशा मुलीच्या डोळ्यांना धार! शेजारच्या टेबलावर बटणं लावणाऱ्या काकू रोज विचारायच्या, "आज कोणासाठी गं एवढं?"

"तुमच्यासाठीच काकू. तुम्ही रिटायर होणार म्हणून."

"मी? मला मेल्यावरच सोडतील इथून!"

हसणं व्हायचं. पण एका दुपारी थोरलीच्या डोळ्यातला थेंब एका फिक्या रेशमी जॅकेटवर पडला आणि वाळल्यावर तिथे डागाची कड उमटली. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं ती घरी येऊन म्हणाली. ते एवढंच म्हणाले, "महिना बघू. नाही थांबलं, तर रेशीम दुसऱ्याकडे देतो. तू पावत्या फाडायला बस." थोरलीने त्या संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही.

आई तिला वैद्यबाईंकडे घेऊन गेली. या वैद्यबाई म्हणजे त्या जुन्या वैद्यांची सून. त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अश्रूंची नळी तपासून आणायला लावली. नळी मोकळी होती. मग त्यांनी बारीकसारीक विचारलं. पाणी गार येतं की गरम? पातळ की चिकट? वाऱ्यात वाढतं का? थोरली म्हणाली, गार, पातळ, आणि वाऱ्यात तर विचारूच नका. जेवण कधी, झोप कधी, डोक्यावरून कढत पाणी घेतेस का, हेही विचारलं. शेवटी म्हणाल्या, "डोळा तेजाचा अवयव आहे. त्याला भीती कफाची. तू दिवसभर मान खाली घालून बसतेस, जेवण वेळेवर नाही, आणि केस धुताना डोक्यावर कढत पाणी. आधी हे बदल." औषधी तूप दिलं आणि त्रिफळा दिला. पूड रात्री भिजवायची, सकाळी चार पदरी स्वच्छ कापडातून गाळायची, पाणी रोज ताजं.

घरी येताच आईने डबा उघडला. "माझे डोळे हिनेच बरे केले. आता लेकीचे करेल."

मी तिला ओरडून सांगत होते, अगं, मला आधी उजेडात धर! पण उकळत्या पाण्यात टाकलेल्या चिंधीचा आवाज कोणाला ऐकू जातो? आई मला रोज उकळायची, दोरीवर वाळवायची, यात तिने कसूर केली नाही. पण रोजच्या उकळण्याने मी आणखी विसविशीत होत गेले. पहाटे वाटीवर ताणून बसवलं की पाणी खाली उतरायचं, आणि त्याच्यासोबत पुडीचे कणही. मी सगळे धागे आवळून धरायचे. तरी निसटायचेच. मग थोरली तेच पाणी डोळ्यांवर मारायची, आणि मी दोरीवर लोंबकळत तिच्या लाल होत चाललेल्या डोळ्यांकडे बघत राहायचे. असा थकवा मला ओढणी असतानाही कधी आला नव्हता.

तीन आठवडे झाले. पाणी वाढलंच, वर चुरचुर. "आई, तुझ्या चिंधीचा गुण संपला वाटतं," थोरली म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस. विश्वास ठेवावा लागतो."

महिना भरायला आठ दिवस राहिले तेव्हा दोघी पुन्हा वैद्यबाईंकडे गेल्या. वैद्यबाईंनी थोरलीची पापणी उलटून पाहिली आणि विचारलं, "गाळता कशातून?"

आईने मोठ्या अभिमानाने मला पर्समधून काढलं. वैद्यबाईंनी हात पुढे केला, पण त्याआधी थोरलीनेच मला घेतलं आणि सवयीने खिडकीपुढे धरलं. रफूवाली ती. कापड हाती आलं की आधी उजेडात. पण या तीन आठवड्यांत तिने मला कधी हातच लावला नव्हता, सगळं आईच करायची.

"आई... ही तर जाळी झालीय गं."

"असू दे ना, दुमडते मी."

"किती पदर?" वैद्यबाईंनी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "दोन. चार केले तर पाणी उतरायला वेळ लागतो. हिची बस चुकते."

"अहो ताई, पूड जातेय डोळ्यात! डोळा बिचारा तो कचरा बाहेर ढकलतोय, म्हणून पाणी. आठवडाभर डोळे धुणंच बंद. मग परत दाखवा."

आईने ओठ दाबून धरले. डोळ्यांत आलेलं पाणी ती परतवत होती. वैद्यबाईंचा सूर बदलला. "अडवू नका. आलेले अश्रू अडवणं हेसुद्धा आमच्याकडे रोगाचं कारण मानतात. येऊ द्या." आणि आई रडली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी करू का हिला रफू?"

"नको," वैद्यबाई म्हणाल्या. "रफूच्या धाग्यात कण अडकतील. नवी मलमल घ्या."

एवढं नीट मला आयुष्यात कोणी समजून घेतलं नव्हतं.

धुणं थांबलं आणि चार दिवसांत लाली उतरली. मग वैद्यबाईंच्या परवानगीने नव्या मलमलचे चार पदर आले, आणि आई आता अर्धा तास लवकर उठते. पाणी पूर्ण थांबलं नाही. वाऱ्यात अजून येतं. पण महिना भरला त्या दिवशी मालकांनी थोरलीचे डोळे पाहिले, एक रेशमी जॅकेट तिच्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.

थोरलीने मला दुकानात आणलंय. माझं सगळ्यात मोठं भोक ती रफूच्या जागेवर बसवते आणि बाकीचं रेशीम माझ्याखाली झाकते. सुई भोकातून चालते. मी श्वास रोखून पडून असते. काल दुपारी खिडकीतून वारा आला आणि वरून एक थेंब पडला. माझ्यावर पडला. रेशमाला कळलंसुद्धा नाही.

आता माझ्याकडून आणखी काही होणार नाही. गुण माझा म्हणू नका, मला परत डब्यात घालू नका. हे जॅकेट पुरं झालं, की मला जाऊ द्या.