डेस्मंडचा डावा पाय

डेस्मंड आर्सेनोला आमच्या अमेरिकन फुटबॉल संघानं ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सातव्या आणि शेवटच्या फेरीत घेतलं. त्याच्या आधी दोनशे अडतीस पोरांची नावं पुकारून झाली होती. इतक्या उशिरा घेतलेली पोरं बहुतेक ऑगस्ट संपायच्या आत घरी जातात. सरावाला नव्वद जण, संघात जागा त्रेपन्न.

तो लुइझियानाच्या खाडीकाठचा. सहा फूट सात इंच उंच, आणि कॉलेजात बँडमध्ये खांद्यावरचा तो भलामोठा पितळी बाजा वाजवणारा. बाजा घेऊन पायऱ्या पळत चढताना कुणा कोचनं त्याला पाहिलं आणि मैदानात ओढलं. फुटबॉल खेळायला लागून त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचं नाव ठेवलं.

"ए बँडवाल्या, वरात कुठंय?"

तो हसायचा. मोठ्यांशी बोलताना मान थोडी झुकवायचा. मला, रोलंड पिकेटला, तो त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे 'मिस्टर रोलंड' म्हणायचा.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. अकरावा हंगाम, आणि दोन्ही गुडघे कापून शिवलेले. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकला की त्याच्या डाव्या अंगानं धावून येणाऱ्याला अडवायचं, हे माझं काम. डेस्मंडला त्याच जागेसाठी आणलं होतं.

"तू शिकव त्याला," कोच हॅनिफिन मला म्हणाले. "कच्चा आहे, पण असं अंग दहा वर्षांत एकदा दिसतं."

"शिकवतो, कोच."

ते माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

मी त्याला खरोखर शिकवलं. हात कुठं लावायचे, समोरच्याच्या कमरेकडे का बघायचं, मागे सरकताना टाचा एकमेकींना का लागू द्यायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात तो स्वतःच्याच पायांत अडकून पडायचा. तिसऱ्या आठवड्यात आमचा सगळ्यात तगडा बचावपटू त्याच्यावर धडकून मागे फेकला गेला. त्यानंतर कुणी त्याला 'बँडवाल्या' म्हणालं नाही.

त्याच्यात एक खोड होती. चेंडू फेकायचा डाव असला की तो वाकून बसताना डावा पाय बोटभर बाहेर वळवायचा. धावायचा डाव असला की पाय सरळ. समोरच्यानं हे एकदा हेरलं की आमचा डाव सुरू व्हायच्या आधीच त्याला कळणार. कोचच्या नजरेतून सुटलं, कारण चित्रफीत वरून घेतलेली असायची आणि पाय गवतात असायचा. मी त्याच्या शेजारी उभा राहायचो. मला चौथ्या दिवशीच दिसलं होतं.

सांगू, उद्या सांगू, असं करत मी दिवस ढकलले.

सरावाच्या शेवटच्या सामन्याआधी आम्ही दोघं बर्फाच्या टाक्यांत बसलो होतो. त्यानं स्वतःहूनच विचारलं.

"मिस्टर रोलंड, एक विचारू? सरावात कधीकधी समोरचा आधीच निघतो. माझ्याकडून काही कळतं का त्यांना? तुम्हाला काही दिसतं?"

"नाही रे," मी म्हणालो. "तू नवा आहेस, म्हणून तसं वाटतं. डोक्याला ताप नको करून घेऊस."

"बरं," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही."

त्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात तो चांगला खेळला. मध्यंतरानंतर समोरचा एक बुटका, चलाख खेळाडू त्याच्या पायाकडे बघून बसू लागला. पहिल्यांदा तो डेस्मंडला वळसा घालून गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा त्यानं आमच्या राखीव क्वार्टरबॅकला मागून असं धरून आपटलं, की गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला कडेला उभं राहून ऐकू आला.

डेस्मंड त्या पोराजवळ गुडघे टेकून बसला. "सॉरी, सॉरी," एवढंच म्हणत होता. कोचनी त्याला बाहेर काढलं आणि मला आत पाठवलं. मी हेल्मेट घातलं आणि गेलो.

मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी ऑफिसातला माणूस त्याच्या टेबलाशी आला. "कोचनी बोलावलंय. डावांचा टॅबलेट परत द्यायला घेऊन ये." टॅबलेट परत मागितला म्हणजे संघातून नाव कापलं; सगळ्यांनी ताटात माना घातल्या. जाताना डेस्मंडनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी."

मी त्या हंगामात दहा सामने खेळलो. मग गुडघा गेला, आणि मीही संघाबाहेर गेलो.

त्याला दुसऱ्या कुठल्या संघानं बोलावलं नाही. क्वार्टरबॅकचं हाड मोडू देणारा, एवढीच त्याची ओळख उरली होती. तो गावी परतला आणि मामाच्या कोळंबीच्या बोटीवर लागला. जानेवारीत जाळं ओढताना त्याचा उजवा हात दोरखंड गुंडाळणाऱ्या यंत्रात गेला. तीन बोटं गेली. मला हे दोन वर्षांनी, एका जुन्या खेळाडूकडून कळलं.

मी गाडी काढली आणि नऊ तास चालवत त्याच्या घरी गेलो.

तो ओट्यावर बसून डाव्या हातानं जाळं शिवत होता. उठून उभा राहिला. अजून तेवढाच उंच, पण अंग उतरलेलं. मी बसलोही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: पाय, चौथा दिवस, बर्फाची टाकी.

मग डावा पाय पुढे करून त्यानं बोटभर बाहेर वळवला, पुन्हा सरळ केला.

"एवढंच?"

"एवढंच."

"किती दिवसांत सुटली असती ही खोड?"

"दोन. फार तर तीन."

त्यानं मान हलवली. "मला वाटायचं, माझ्यातच दम नव्हता. उशिरा सुरू केलं म्हणून नाही जमलं."

"तू दहा वर्षं खेळला असतास, डेस्मंड. मी तुझ्यासारखा दुसरा पाहिला नाही."

"हे आता सांगू नका हो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "निदान हे तरी सांगू नका."

मी म्हणालो, "माझी जागा जात होती. घाबरलो मी."

"मी तुमच्या जागी असतो तर सांगितलं असतं." तो हे रागानं म्हणाला नाही. आणि ते खरं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आतून त्याची आई भाताची ताटं घेऊन बाहेर आली. "तुम्हीच ना ते मिस्टर रोलंड? फोनवर तुमच्याशिवाय दुसरं बोलायचा नाही. बसा, जेवल्याशिवाय सोडणार नाही."

ती पाणी आणायला वळली तेव्हा डेस्मंड हळूच म्हणाला, "तिला काही सांगू नका. तिला वाटतं, आपल्या पोराला नाही झेपलं. सोसलंय तिनं ते. हे नाही सोसणार."

मी बसलो. तिनं वाढलं तेवढं सगळं खाल्लं. तो समोर बसून डाव्या हातानं खात होता, आणि आई मला विचारत होती की तो तिथं कसा खेळायचा.

"चांगला खेळायचा," मी म्हणालो.