न झोंबणारं मलम

कळमन्याच्या बाजारात संत्र्याची दलाली करण्यात उभा जन्म गेल्यामुळे देवाजींचा कुठल्याही वरच्या थरावर विश्वास उरला नव्हता. पेटी उघडली की बाकीचे वरची फळं पाहूनच माना डोलवायचे. देवाजी कोपरापर्यंत हात खुपसून तळचं फळ बाहेर काढत, देठाशी अंगठा दाबून पाहत आणि मगच तोंड उघडत. बाजार सुटला, पण अंगठ्याची सवय काही सुटली नाही. दूधवाला, मीटर वाचणारा, हवामानखातं, कोणीच त्या अंगठ्यातून सुटला नव्हता.

अशा माणसाच्या इंदोऱ्यातल्या घरात धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली ट्यूब आली, तेव्हा काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ट्यूब रितिकासाठी होती, देवाजींच्या सात वर्षांच्या नातीसाठी. दिवाळी झाली, थंडी पडली की पोरीची मान, कोपराच्या खाचा आणि पापण्या लाल व्हायच्या. पोर रात्रभर खाजवायची. यंदा तर पापण्या इतक्या सुजल्या की सकाळी डोळे उघडायला कोमट पाण्याचा बोळा लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्झिमा आहे. पापण्यांची कातडी नाजूक, तिथे स्टेरॉईड फार दिवस चालत नाही, म्हणून हे बिनस्टेरॉईडचं मलम. सुरुवातीचे काही दिवस आग होईल, मग कमी होत जाईल.

सून मेघाने घरी येऊन हे सांगितलं आणि देवाजींच्या मनात पाल चुकचुकली.

"आग होईन?" ते म्हणाले. "दवाई लावल्यावर आग काहून होते वं? आग विझवाले आणली का लावाले?"

"मामाजी, त्यायनं पहिलेच सांगून ठेवलं ना."

"तेच म्हणतो मी. चोर बी आजकाल पहिलेच सांगून ठेवते."

पहिल्याच संध्याकाळी रितिकाने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ट्यूब दिसताच ती पलंगाखाली शिरली. मेघा सदरच्या ऑफिसातून दमून यायची, पोरीला ओढून बाहेर काढायची, आणि सासरे दारात उभे राहून उसासे टाकायचे. शेवटी तिने हात टेकले. ट्यूब फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसली आणि पोरीचे डोळे होते तसेच राहिले.

देवाजींकडे दुसरा उपाय तयारच होता. खाप्याच्या आठवडी बाजारात त्यांचा बालमित्र शालिकराम पांढऱ्या डब्या विकायचा. वर नाव नाही, गाव नाही, झाकण उघडलं की कापराचा वास. "पुरी जडीबुटी हाय गा देवाजी," असं तो म्हणाला होता. साऱ्या जगावर संशय घेणारा हा गृहस्थ शालिकरामवर मात्र कधीच घेत नसे. एकाच शाळेच्या एकाच पट्टीवर बसून मार खाल्लेला माणूस, त्याच्यावर कसला आला संशय! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"हे लावून पाहू पोरीले," देवाजींनी डबी पुढे केली.

मेघाने हातही लावला नाही. "बिना लेबलचं काहीच लावाचं नाही लेकराच्या डोळ्याले. डॉक्टर बोलल्या, अशा डब्यायमंदी स्टेरॉईड मिसळून राहते. पापणीवर लावून लावून डोळा खराब होते, नजर बी जाऊ शकते."

"आपलं दुकान चालावं म्हणून बोलली ते!"

"तुमचं खरं की तिचं खरं, मले नाही समजत आता," मेघा म्हणाली. "तुम्हीच पाहा, अन् मले सांगा. माह्या पोरीचे डोळे हायेत ते."

झालं. डोळ्यांचा निवाडा देवाजींच्या पदरात पडला, आणि निवाडा म्हटला की माल तपासणं आलंच. खाजेचं हे देणं मुळात त्यांच्याकडूनच पोरीला गेलेलं. त्यांच्या दोन्ही कोपरांच्या खाचांत ती वर्षानुवर्षं मुक्कामाला होती. ते धंतोलीला जाऊन स्वतःला तपासून घेऊन आले आणि तेच मलम स्वतःच्या नावावर लिहून आणलं. डबीचा शब्दही काढला नाही. माल कशाला तपासतोय हे विकणाऱ्याला सांगायचं नसतं. डाव्या हाताला ट्यूब, उजव्याला डबी.

डावा हात तिखट चोळल्यासारखा पेटला. उजवा दुसऱ्याच सकाळी थंड, चार दिवसांत गोरागोमटा. देवाजींना इतका आनंद झाला की त्यांनी चहात जास्तीची साखर घातली.

त्याच दुपारी मेघा ऑफिसात असताना रितिका डोळे चोळत त्यांच्या मांडीवर येऊन बसली. "आबाजी, तुमचंवालं लावा ना. ते झोंबत नाही ना?"

"नाही झोंबत बेटा."

त्यांनी डबी उघडली. बोटावर मलम घेतलं. पोरीने विश्वासाने तोंड वर केलं, डोळे मिटले. बोट पापणीपासून तसूभर राहिलं आणि थांबलं. कारण काही मोठं नव्हतं, जुनी खोड. आतापर्यंत पाहिला होता तो वरचाच थर होता. तळात हात घातला नव्हता.

"थांब बेटा," ते म्हणाले, "अजून माल पाह्यचा हाय." आणि बोट धोतराला पुसलं. पोर रडत उठून गेली. तिचं रडणं त्यांना दिवसभर पुरलं.

पुढे गंमत उलटी फिरू लागली. डाव्या हाताची आग आठवड्याभरात निवली, मग खाज उतरली, हळूहळू, सरकारी कामासारखी. उजव्याची मात्र तऱ्हा निराळी. डबी एक दिवस चुकली की तो पहिल्यापेक्षा लालभडक व्हायचा, लावली की शांत. संक्रांत गेली, पोरीच्या पापण्यांवर तोवर नुसता कोमट पाण्याचा बोळा. कातडी चकाकू लागली, पातळ झाली, खाली निळ्या शिरा दिसू लागल्या, खाचेत लाल रेघा उमटल्या. एकदा फाटकाची कडी नुसती घासली, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. देवाजी त्या सालीकडे बघत उभेच राहिले. जुनी पाल आता भलत्याच भिंतीवर चुकचुकत होती.

त्यांनी शालिकरामला फोन लावला. "डबीत काय हाय गा?"

"जडीबुटी."

"कोणती?"

"आता ते मले का मालूम? एक जण आणून देते, मी विकतो. काहून, फरक नाही पडला का?"

"पडला," देवाजी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मेघा आणि रितिकाला घेऊन धंतोलीला गेले आणि दोन्ही बाह्या वर करून डॉक्टरीणबाईंसमोर हात ठेवले, शेजारी डबी. बाई डाव्या हातावर फार वेळ थांबल्या नाहीत. उजवा वळवून वळवून पाहिला, डबी हुंगली.

"स्टेरॉईड असणार, आणि चांगलंच जोरकस. मोजून दिलं तर तेही औषधच आहे, आजोबा. पण यात कोणतं, किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नाही. त्या रेघा आता राहतील."

"अन् हेच पापणीवर लावलं असतं तर?"

बाईंनी रितिकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं झालं, नाही लावलं."

मेघाने सासऱ्यांकडे पाहिलं. देवाजींनी उजवी बाही खाली ओढली. तसूभर अंतर होतं ते.

संध्याकाळी त्यांनी स्वतः फ्रिजमधून ट्यूब काढली. सवयीने तारीख वाचली, सील पाहिलं. हात धुतले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे रितिकाचं तोंड टिपून पूर्ण कोरडं होऊ दिलं. पातळ थर, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, उन्हात टोपी, आणि पाणी-पू दिसला तर थांबून दवाखाना, असं सगळं त्यांनी मेघाकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

रितिका भिंतीला चिकटून बसली. "हे नाही! हे झोंबते. तुमचंवालं लावा."

"झोंबते," देवाजी म्हणाले. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी डावी बाही वर केली. "हा हात बी लय झोंबला. मी बी रडलो, तुह्या मम्मीले नाही सांगितलं. मंग झोंबणं गेलं, खाज बी गेली. हात लावून पाह्य."

पोरीने हात लावला. कातडी मऊ होती.

"अन् न झोंबणारं कुठं लावलं होतं?"

देवाजींनी उजवी बाही वर केली. रितिका बराच वेळ त्या लाल रेघा, त्या निळ्या शिरा आणि सोललेली जागा पाहत राहिली. मग तिने एका बोटाने, अगदी हलकेच, तिथे स्पर्श केला.

"हे माह्या डोळ्याले लावणार होते तुम्ही?"

"हो बेटा."

ती जवळ सरकली, त्यांचं बोट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. "लावा तेच. पण मी रडीन."

"रड," देवाजी म्हणाले, आणि त्यांचेच डोळे आधी भरले.