दुपारी बंद पडणारी गाडी

मित्रांनो, मी चौदा वर्षांची एक जुनी डिझेल गाडी आहे. रंग पांढरा होता, आता त्याला पांढरा म्हणवत नाही. युसूफ वडगावात विजयसिंह मालकांच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. माझं इंजिन आज ठणठणीत आहे, तरीही मला कोणी कुठे नेत नाही. असं का झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही.

माझे पहिले मालक आष्टीचे आसारामशेठ, कांद्याचे व्यापारी. नवी होते तेव्हा ते मला रोज पुसत, दसऱ्याला झेंडूची माळ घालत. आठ वर्षं मी त्यांना बाजारोबाजारी फिरवलं. नवव्या वर्षी मे महिन्यात भर रस्त्यात माझं इंजिन अचानक थांबलं. कोणी चावी काढून घ्यावी तसं. ना धूर, ना आवाज. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर मी पहिल्यासारखी चालू झाले. आठवड्याने पुन्हा तेच झालं. आसारामशेठनी दोन गॅरेजं केली, पण गॅरेजात उभी असले की माझं काही दुखत नसे. शेवटी त्यांनी मला धुऊन चकचकीत केलं आणि डिसेंबरातल्या एका सकाळी, सात वाजता, विजयसिंह मालकांना दाखवलं.

"घड्याळावानी चालती," ते म्हणाले.

थंडीत, सकाळी, मी खरंच तशी चालत होते. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

विजयसिंह मालक म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य. पन्नास एकर रान, गावात शब्दाला वजन. माझ्यावर चालक होता उत्तरेश्वर. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. मालकीणबाई विजयमाला. त्यांची मुलगी तेजश्री अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. दर पंधरा दिवसांनी विजयमालाबाई लेकीला भेटायला निघत, डब्यात तिच्यासाठी धपाटे घेऊन.

उन्हाळा लागला आणि माझं दुखणं परत आलं. विजयमालाबाई गाडीत असतानाच मी दोनदा बंद पडले. उत्तरेश्वर घाबरला. बाई मात्र खाली उतरून लिंबाच्या सावलीत बसल्या. "निवू द्या तिला," त्या म्हणाल्या, "माणसालाबी ऊन बाधतं. ती तर लोखंडाची हाय." त्यांनी डब्यातला एक धपाटा उत्तरेश्वरच्या हातावर ठेवला. उत्तरेश्वर खाता खाता माझ्याकडे एकटक बघत होता. त्या दिवसापासून त्याने माझा पिच्छा पुरवला.

कॅलेंडरच्या एका कोऱ्या पाठीवर तो लिहू लागला. कुठं बंद पडली. किती वाजता. त्याआधी किती वेळ चालली होती. किती वेळाने चालू झाली. एकदा त्याला दिसलं की बंद पडल्यावर स्टार्टर मारला तर इंजिन गरगर फिरतं, पण समोरचा, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावरून हलत नाही. एरवी स्टार्टर मारताना तो थोडा तरी उठतो. त्याने तेही लिहून ठेवलं. मग एकदा रागाने त्याने इंजिनाच्या मागच्या बाजूला बाटलीभर पाणी ओतलं, आणि मी वीसऐवजी चार मिनिटांत चालू झाले. तेव्हापासून तो ओलं फडकं घेऊन फिरू लागला. कारण त्याला कळत नव्हतं. पण काय केल्यावर काय होतं, ते त्याने पक्कं धरलं होतं.

मालकांनी मला केजच्या एका गॅरेजात पाठवलं. तिथल्या माणसाने कंप्युटर जोडला. कंप्युटर म्हणाला, काही नाही. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला आणि परत पाठवलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मालकांची पक्षाची बैठक होती, दुपारी दोनची. मी वाटेत बंद पडले. मालक पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. कोणीतरी हसलं.

संध्याकाळी चौकात दहा माणसांदेखत मालकांनी उत्तरेश्वरला उभं केलं.

"गाडी तुझ्याच हातात कावून बंद पडती बे? माझ्या हातात एकदा तरी पडली का?"

"मालक, तुमी सकाळची चालविता. ती दुपारची पडती." त्याने खिशातला कॅलेंडरचा कागद काढला. "मी समदं लिवून ठिवलंय. एकदा बघा तरी."

"कागद दाखवतो मला! ढाब्यावर बसून ढोसायचं आन् गाडीवर बिल फाडायचं. कंप्युटर खोटा आन् तू खरा व्हय?"

उत्तरेश्वर माळकरी होता. दारूला कधी शिवला नव्हता. गावाला ते ठाऊक होतं. पण मालकांपुढे कोणी बोललं नाही.

विजयमालाबाई घरात एवढंच म्हणाल्या, "आवो, मी होते गाडीत. दोनदा माझ्यादेखत पडली."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून उत्तरेश्वर आला नाही. 'पिऊन गाडी चालवतो' ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत पसरली आणि त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देईना. तो आणि त्याची बायको रुक्मिणीबाई लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. मालक आता मला स्वतः चालवत. सकाळी, गावातल्या गावात. मी बंद पडत नव्हते. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मुद्दाम सांगत.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, विजयमालाबाई वासरासाठी कडब्याची पेंढी ओढायला गंजीजवळ गेल्या. गंजीत नाग होता. तो हाताला डसला.

तेजश्री तेव्हा सुट्टीवर घरी आली होती. तिने आईला आडवं निजवलं, हात हलू दिला नाही. गावातले डॉक्टर धावत आले. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, "अंबाजोगाईला न्यावं लागेल. श्वासाला मशीन लागू शकतं. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, वीस मिनिटांत येईल. तिच्यात ऑक्सिजन आहे. तिच्यातूनच न्या."

"दारात गाडी उभी असताना वीस मिनिटं हातावर हात ठिवून बसू का?" मालक ओरडले. त्यांनी बाईंना उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. तेजश्री डोकं मांडीवर घेऊन बसली.

वेशीजवळ उत्तरेश्वर आडवा आला. रानातून धावत आला होता, पायात चप्पल नव्हती. त्याने माझ्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"मालक, पाया पडतो. ह्या उन्हात ही गाडी न्हेऊ नका. अंबाजोगाईपस्तोर जायाची न्हाई. ॲम्ब्युलन्स येऊ द्या!"

"बाजूला हो बे!"

"मालक, वैनी हायत गाडीत!"

मालकांनी गाडी तशीच पुढे घेतली. उत्तरेश्वर बाजूला पडला. आरशात तो मला उठताना दिसला.

मी जीव तोडून धावले, मित्रांनो. मला याहून वेगळं काही करता येत नव्हतं. सव्वीस मिनिटं मी धावले. मग उघड्या माळावर, जिथे झाडाचं पान नव्हतं, माझं इंजिन थांबलं.

मालकांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. काटा शून्यावरच. त्यांनी बॉनेट उघडलं, या तारेला हात लाव, त्या नळीला हात लाव, असं करत राहिले. हात भाजले. मागे विजयमालाबाईंच्या पापण्या खाली येत होत्या. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण जीभ जड झाली होती. तेजश्रीला एवढंच कळलं की आई पाणी मागत नव्हती, काहीतरी सांगत होती. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती वेळेवर गावात पोचली होती. पेशंटला दुसऱ्या गाडीतून नेलं म्हटल्यावर माघारी फिरली होती, आता दूर होती.

दहा मिनिटांनी एक मोटरसायकल आली. उत्तरेश्वरने कोणाची तरी मागून आणली होती. पुढ्यात पाण्याचा कॅन, खांद्यावर ओलं फडकं. त्याने मालकांना हाताने बाजूला केलं, इंजिनाच्या मागे फडकं दाबलं आणि वर पाणी ओतत राहिला. वाफ निघाली. चार मिनिटांनी तो म्हणाला, "मारा आता."

मी चालू झाले.

पण चौदा मिनिटं गेली होती. दवाखाना तीन-चार किलोमीटर राहिला असताना विजयमालाबाईंचा श्वास थांबला. तेजश्री तोंडाने श्वास देत राहिली, दारात पोचेपर्यंत. डॉक्टरांनी मशीन लावलं. हृदय चालू झालं, पण बाई शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. वेळेत आणलं असतं तर वाचल्या असत्या का, असं तेजश्रीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." मालकांनी तेवढंच वाक्य धरून ठेवलं. तेराव्याला आलेल्या लोकांना ते सांगत, "गाडीनं घात केला." उत्तरेश्वरचं नाव त्यांनी काढलं नाही.

तेजश्रीला मात्र ते सोसलं नाही. दिवस झाल्यावर ती उत्तरेश्वरच्या घरी गेली, तो कॅलेंडरचा कागद मागून घेतला आणि मला अंबाजोगाईच्या शिवशंकर मिस्त्रीकडे न्यायला लावलं. उत्तरेश्वरलाही सोबत घेतलं. मालकही आले.

शिवशंकर मिस्त्री साठीचा माणूस. त्याने कंप्युटर जोडला नाही. आधी कागद वाचला. दोनदा वाचला.

"कुणी लिवलंय हे?"

उत्तरेश्वर बाहेर टायरवर बसला होता. तेजश्रीने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"निम्मं काम ह्यांनीच केलंय," मिस्त्री म्हणाला. "तापल्यावर मरती, निवल्यावर उठती, आन् स्टार्टर मारताना काटा झोपलेला. आता बघा."

त्याने मला चालू केलं आणि गरम हवा फेकणारं यंत्र इंजिनाच्या मागे धरलं. तीन मिनिटांत मी बंद पडले. ओलं फडकं लावलं, चालू झाले. पुन्हा गरम, पुन्हा बंद. असं त्याने तीनदा केलं. मग तिथून एक तेलकट सेन्सर काढला, अंगठ्याएवढा. इंजिनाचं चाक किती वेगाने फिरतंय ते हा सेन्सर कंप्युटरला कळवतो. त्याच्या पोटात केसाएवढी तांब्याची तार तुटली होती. थंड असताना तिची टोकं एकमेकांना टेकत. तापली की सुटत. मग कंप्युटरला वाटे, इंजिन उभंच आहे, आणि तो डिझेल बंद करी.

नवव्या वर्षापासून माझ्यात काय दुखत होतं, ते मलाही त्या दिवशी कळलं.

नवा सेन्सर बसवायला अर्धा तासही लागला नाही. मिस्त्रीने हात पुसले. मग तेजश्री म्हणाली, "पप्पा, काकांना काहीतरी बोला."

मालक उत्तरेश्वरकडे बघत उभे राहिले. मग ते म्हणाले, "चला. उशीर व्हायलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सालगडी सटवाकडून निरोप धाडला, उद्यापासून गाडीवर ये. सटवाने परत येऊन उत्तर सांगितलं, "तो म्हणतोय, गाडी दुरुस्त झाली, आता कुणीबी चालवील. त्यानं एकच इचारलंय. चौकात जे बोललात, ते चौकात माघारी घेता का?"

मालकांनी ते माघारी घेतलं नाही. दिवाळीनंतर उत्तरेश्वर आणि रुक्मिणीबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेली. तेजश्री सुट्टीतही घरी येत नाही.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, तेल-पाणी वेळेवर बघा, हे तर मी सांगेनच. पण जे दुखणं अधूनमधून येतं ते सगळ्यांसमोर येत नाही. यंत्राचं असो, नाहीतर माणसाचं. ते ज्याला दिसलं, त्याच्यावर विश्वास ठेवा. आपल्यासमोर झालं नाही म्हणून त्याला खोटं पाडू नका. त्याच्या हातातला कागद एकदा तरी वाचा.

उन्हं तापली की विजयसिंह मालक शेडमध्ये येतात. मला बाहेर काढून उन्हात लावतात, काचा वर करतात आणि इंजिन चालू ठेवून आत एकटेच बसतात. घामाने सदरा भिजतो. नजर फेऱ्यांच्या काट्यावर. अर्धा तास, तास, कधी दोन तास. एकदा ते हळूच म्हणाले, "पड ना आता."

मी बंद पडत नाही. मग केव्हातरी ते स्वतःच चावी फिरवून मला बंद करतात.