ठोंब्याचं कार्ड

वजनबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चौतीस वर्षं बाळांच्या दवाखान्यात त्यांनी एकच काम केलं. रडणारं बाळ काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा आणि बाळाच्या कार्डावर निळ्या शाईने ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की रेष. रेष वर चढली की बाई खूश, आणि आडवी पडली की त्या आईची काही धडगत नाही. "खायला घालता की नुसत्या हवेवर वाढवता?" असं भरलेल्या बाकांसमोर विचारताना त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायचं कशाला? बाळाच्या भल्याचंच होतं ना ते!

निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळं मिळतात, बाईंना दवाखान्याने जुना काटा दिला. कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी न विचारताच पिशवीत टाकला. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग एका रविवारी लेक आली आणि ठोंब्याला घरात सोडून म्हणाली, "आई, चार महिने कामासाठी बाहेर जायचंय. तेवढं बघशील ना?" ठोंब्या म्हणजे कुत्र्याच्या अगदी दांडग्या जातीचं पिल्लू. वय दोन महिने, पण पंजे असे, की कोणा थोरल्याचे उसने आणून घातलेत. लेकीने फ्रिजवर कागद चिकटवला. मोठ्या जातीच्या पिल्लांचं पिशवीतलं खाणं, दिवसातून तीनदा, मापाच्या कपाने दीड-दीड कप; दर महिन्याला माप किती वाढवायचं तेही लिहिलेलं. खाली दोन रेघा ओढून: बाकी काही नाही.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दूध नाही, अंडं नाही, आणि तुझ्या पावडरी तर मुळीच नाहीत. हळूहळू वाढू दे त्याला."

"हळूहळू का गं?"

"या जातीचं तसंच असतं, आई. उशीर होतोय मला." आणि लेक टॅक्सीत बसून गेलीसुद्धा.

घोळ झाला तो इथेच. हळूहळू वाढणाऱ्या बाळांच्या घरी छत्री घेऊन भर पावसात जाऊन आयांना झापलं होतं बाईंनी, आणि आता पोटची पोरगी सांगते, हळूहळू वाढू दे! पोरगी शिकलेली खरी, पण बाळ वाढवलंय कोणी, तिने का बाईंनी?

ठोंब्या दीड कप आठ घासांत संपवायचा, रिकामं भांडं नाकाने ढकलत बाईंच्या पायाशी आणायचा आणि मान वर करून बघत बसायचा. बाईंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी एक अंडं दिलं. एका अंड्याने काय होतंय? चौथ्या दिवशी वाटीभर दूध, आणि आठवड्याने त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेली कॅल्शियमची पावडर, चमचाभर, दुधातून. गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून त्यावर लिहिलं: ठोंब्या. आणि पहिला ठिपका दिला. आहाहा, किती दिवसांनी!

रेष अशी चढली की बाईंचं मन भरून यायचं. तीन आठवड्यांत ठोंब्या काट्यात मावेना, तेव्हा त्या त्याला कोपऱ्यावरच्या पार्सलवाल्याच्या काट्यावर नेऊ लागल्या. "बाई, हे पोरगं आठवड्याला अडीच किलो चढतंय," पार्सलवाला म्हणाला. "पार्सल म्हणून पाठवायचं ठरवलंत तर आत्ताच पाठवा, पुढे परवडायचं नाही." बाई कधी नव्हे त्या खळखळून हसल्या. लेकीने फोनवर पाहिलं तर तीही म्हणाली, "अगं, कसला गुटगुटीत झालाय! कागद पाळतेस ना?"

"तर!" बाई धडधडीत खोटं बोलल्या. चांगल्या कामासाठी बोललेलं खोटं अंगाला लागत नाही, असं त्यांना वाटलं.

दुसरा महिना संपता संपता ठोंब्याचे पुढचे पाय वाकडे दिसू लागले. मनगटं गाठीसारखी सुजलेली, पंजे बाहेरच्या बाजूला फाकलेले. बाईंनी एकदा बघितलं आणि ओळखलं. मुडदूस! शेकडो पोरांचे पाय पाहिले होते त्यांनी. म्हणजे आपलंच कुठेतरी कमी पडतंय. बिचारं उपाशी राहतंय आणि आपण मेली मापं मोजतोय! एक चमचा पावडरीचे तीन झाले, दूध दुप्पट झालं.

पाय आणखी वाकडे झाले.

बाईंना काही समजेना. औषध बरोबर, रोग बरोबर, मग हे काय चाललंय? आणि एका सकाळी भांडं वाजलं तरी ठोंब्या उठला नाही. उठायला गेला, कळवळला आणि बसूनच भांड्याकडे सरकला. लेक यायला सहा आठवडे उरले होते. तिच्या हातात काय द्यायचं, लंगडं कुत्रं?

जनावरांचा डॉक्टर तरणा होता आणि इतका उंच की आपल्याच दवाखान्याच्या दारातून वाकून यायचा. त्याने ठोंब्याचे पाय दाबून पाहिले, एक्स-रे काढला आणि विचारलं, "खायला काय देता?"

बाईंनी मोठ्या ऐटीत पर्समधून कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरने ती रेष पाहिली, कार्ड जवळ धरून पुन्हा पाहिली.

"हाच तर रोग आहे, बाई."

"कोणता?"

"ही रेष. दांडग्या जातीचं पिल्लू भराभर वाढलं की हाडांची तारांबळ उडते. पायात दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात, एक पुढे गेलं आणि एक मागे राहिलं की पाय वाकतो. त्यात वरचं कॅल्शियम म्हणजे विषच. पिशवीतल्या खाण्यात हवं तेवढं असतं."

"अरे, पण मुडदूस! कॅल्शियम नाही दिलं तर—"

"कमी पडून नाही, जास्त होऊन वाकलेत. अति तिथे माती."

"मला म्हणी नको शिकवूस," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "मग त्याला... वाढवायचं नाही?"

"वाढेल तो. जेवढा व्हायचा तेवढाच होणार, फक्त उशिरा. कागदावरचं माप, बास. जिने नाहीत, उड्या नाहीत. बरगड्यांवरून हात फिरवला की न दाबता मोजता आल्या पाहिजेत. वय लहान आहे, पाय सरळ होतीलही. पण नक्की सांगत नाही."

बाई कार्ड उचलायलाही विसरल्या. डॉक्टरनेच ते त्यांच्या हातात दिलं आणि हसून म्हणाला, "माझंही कार्ड तुम्हीच काढलंत, बाई. आडवी रेष."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कान! कान तेच होते. "काडीपैलवान? तू तो काडीपैलवान?"

"आई सांगते, तुमच्या धाकाने ती वजनाच्या आदल्या दिवसापासून रडायची. मग तिने यायचंच सोडलं. तुम्ही घरी आलात तेव्हा आतून कडी लावून बसली होती, मला घेऊन."

घरी येताना बाईंच्या डोक्यात नुसता गोंधळ. त्याची आई आठवली, बारीक चणीची. "खातो हो बाई, खेळतो. आमच्याकडे सगळे असेच," एवढंच म्हणायची. आणि आपण? "असेच म्हणजे कसे? उपाशी?" बाकांवरच्या बायका हसल्या होत्या. पण मग त्या बाकीच्या आडव्या रेषा? त्यातली पोरं खरंच उपाशी होती, त्यांना वाचवलंच ना आपण? वाचवलंच. मग यातली कुठली रेष खरी आणि कुठली खोटी, हे काट्यावरच्या आकड्यावरून कळायचं कसं? चौतीस वर्षं काम केलेल्या बाईला हा प्रश्न आजवर पडू नये, याचाच त्यांना राग आला.

पुढचे सहा आठवडे त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण. ठोंब्या भांडं ढकलत आणायचा, आणि बाई पाठ फिरवून भिंतीकडे बघत बसायच्या. "नको रे असा बघूस, तुझ्याच भल्याचं आहे," असं म्हणताना त्यांच्याच डोळ्यांना धार लागायची. लेकीला फोन करून सगळं कबूल केलं. ती खूप चिडली, मग रडली, मग म्हणाली, "आता तरी कागद पाळ." बाईंनी पाळला. रोज बरगड्यांवर हात फिरवला. आधी लागतच नव्हत्या, मग दोन लागल्या, मग सगळ्या. रेष जवळजवळ आडवी झाली. आडव्या रेषेवर ठिपका देताना त्यांचा हात अजूनही अडखळायचा.

लेक यायच्या आदल्या दिवशी डॉक्टरने ठोंब्याला दवाखान्याच्या अंगणात चालवलं. डावा पाय सरळ. उजवा अजून किंचित बाहेर. "राहील थोडा," तो म्हणाला, "पण दुखणार नाही. पळेल." बाई पायरीवर बसून ठोंब्याच्या कानामागे खाजवू लागल्या.

मग म्हणाल्या, "तुझी आई कुठे असते रे?"

"इथेच, मागच्या घरात. का?"

का, ते बाईंनाही नीट ठाऊक नव्हतं. त्या ठोंब्याला घेऊन मागच्या दाराशी गेल्या आणि कडी वाजवली. दार उघडलं. तीच बारीक चण, केस तेवढे पांढरे. तिने बाईंना ओळखलं, चेहऱ्यावरूनच कळलं.

म्हातारीने ठोंब्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बरगड्या दिसत होत्या.

"काय हो बाई," ती म्हणाली, "खायला घालता की नुसत्या हवेवर वाढवता?"

ती थट्टा करतेय, की इतकी वर्षं हेच वाक्य जपून ठेवलं होतं, बाईंना काही कळेना. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

"खातो हो," त्या म्हणाल्या. "खेळतो. आहेच तो असा."

म्हातारी दारातून बाजूला झाली.

"माहितेय मला," ती म्हणाली. "या आत."