वाढवलेले मणी

धुळ्याला प्रदर्शनाला निघताना सारिकाने, म्हणजे माझ्या बायकोने, भट्टीची जबाबदारी माझ्या आईवर सोपवली. मी घरातच होतो. पण मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत घरात माझा विचार होत नाही.

भट्टी विजेची, तांदळाच्या डब्याएवढी. जळगावच्या आमच्या घरी ती मागच्या ओट्यावर असते. आत काचेच्या तुकड्यांचे सात ढीग होते, प्रत्येकात भोकासाठी एक तार. सारिका एरवी बाजारची काच वितळवते. ही काच नशिराबादच्या भूमिकाच्या आईच्या बांगड्यांची होती. ती गेल्या चैत्रात वारली, डब्यात चार बांगड्या राहिल्या. परवा भूमिकाचं लग्न, आणि हे सात मणी तिला मंगळसूत्रात हवे होते. पाचवी बांगडी नव्हती.

"तापमानाचा काटा आठशेवर आला की यांना बंद करायला सांगा," सारिकाने आईला बजावलं होतं. "आणि झाकण संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही. काच तडकते."

आई विजेच्या बटणाला हात लावत नाही. काट्यासमोर मात्र ती पोथीसमोर बसावं तशी बसली. दुपारी तिची हाक आली.

"जितू, भट्टी वाढवी दे!"

मी उठलो आणि वाढवली. बटण पार उजवीकडे.

वीस मिनिटांनी आई घरातून परत आली आणि भट्टीच्या झरोक्यातून पाहत म्हणाली, "आजून इतकी लाल कशी शे रे?"

"तूच म्हणालीस ना वाढव."

"मंग? वाढवी ना?"

"वाढवली की. आठशे सत्तर झालेत."

आईने कपाळावर हात मारला. "आरे येड्या! चालू भट्टीले 'बंद कर' म्हंतस का कोनी? दिवा वाढवतस, दुकान वाढवतस! लगीनना मणी शेतस त्या!"

हा शब्दप्रयोग मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो. परीक्षेत दोन गुणांना येतो.

बटण बंद केलं. आता आत काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण झाकण उघडलं तर उरलंसुरलंही तडकणार. सारिकाला फोन केला. ती म्हणाली, "झाकणाला हात लावू नका." आणि फोन ठेवता ठेवता, "यापुढे कशालाच लावू नका."

पाच तास मी आणि आई त्या काट्याकडे पाहत बसलो. कोणी चहा मागितला नाही. काटा मुंगीच्या पावलांनी उतरत होता.

सारिकाच्या आधी भूमिकाच पोहोचली, स्कूटीवरून. हातावर मेंदी. तिच्यासमोरच झाकण उचलावं लागलं.

चार मणी सुटे होते. उरलेले तीन पसरून एकमेकांत गेले होते. तिन्ही तारांसकट एकच हिरवा गोळा.

"बाकीचे?" भूमिकाने विचारलं.

"वाढी गयात, बेटा," आई हळूच म्हणाली. तुटले, गेले, हे शब्द नवरीसमोर तिच्या तोंडून निघणार नव्हते.

भूमिकाने कोमट गोळा उचलून उजेडात धरला. बांगडीवरच्या सोनेरी नक्षीची एक रेघ त्यात तेवढी उरली होती. ती तो फिरवून फिरवून पाहत राहिली. ते मला सहन होईना.

"चूक माझी आहे," मी सुरू केलं. "त्याचं असं आहे, की वाढवणे या क्रियापदाला आपल्याकडे..."

"सर." तिने मूठ मिटली. डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा. "आता विषय वाढवू नका. सारिकाताईंना सांगा, हा मधोमध ओवा."