शनिवारी झाडूगाडीत चढलेली बाई

मॅरेथॉनमध्ये शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून एक बस हळूहळू येते. आयोजक मंडळी तिला स्वीप बस म्हणतात, मी झाडूगाडी म्हणतो. जो मागे पडला, ज्याचे पाय गेले, ज्याने हात वर केला, त्याला उचलायचं आणि कंठीरवा स्टेडियमपाशी नेऊन सोडायचं. एकदा या गाडीत पाय ठेवला की शर्यत संपली. एकतीस वर्षं मी बेंगळुरूची सिटी बस चालवली. तेव्हा लोक माझी बस पकडायला धावायचे. रिटायर झाल्यावर बघतो तर लोक माझ्या बसच्या भीतीने धावतात.

गाडी आमच्या चामराजपेटच्या नरसिंहची. एरवी ती व्हाइटफील्डच्या कंपन्यांची माणसं नेते-आणते. वर्षातला एक रविवार तो ती मॅरेथॉनला देतो आणि ड्रायव्हर म्हणून मला बोलावतो. ताशी साडेसहा किलोमीटरच्या चालीने सहा-साडेसहा तास गाडी हाकायची म्हणजे अंगात थंडपणा लागतो, तो तरण्या ड्रायव्हरांत नाही.

माझी मुलगी संयोगिता, वय अडतीस, बँकेत नोकरीला. दोन वर्षं लागोपाठ ती बेचाळीस किलोमीटर धावायला उतरली, आणि दोन्ही वेळा सदतिसाव्या किलोमीटरला, हलसूर तळ्याच्या कडेला, तिला उचलणारा मीच. पहिल्या वेळी आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या वेळी ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि स्टेडियम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली,

"अप्पा, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं तेव्हा हुबळीच्या हॉस्टेलवर न्यायला तुम्ही आलात. लग्न मोडलं तेव्हा बेळगावला टेम्पो घेऊन तुम्ही आलात. आता धावायला गेले, तर तिथंही तुम्हीच."

"मग काय परक्याने यायचं?"

"कुणीच यायचं नाही," ती म्हणाली.

या वर्षी तिसरी खेप होती. साडेसहा तासांच्या आत पोचायचं, झाडूगाडीच्या पुढे, स्वतःच्या पायांनी. तिला दुसरं काही नको होतं.

शनिवारी सकाळी ड्राय रन झाला. म्हणजे आदल्या दिवशी रिकामी गाडी ठरल्या रस्त्यावरून फिरवून बघायची. पाण्याची टेबलं कुठे लागणार, पोलिसांचे अडथळे कुठे, वळणावर बस वळते की अडते. सोबत बसची कॅप्टन म्हणून स्मृती होती, नागपूरहून आलेली आयटीतली मुलगी, हौसेने स्वयंसेवक झालेली. तिच्या हातात पॅड, पॅडवर शीट. कितव्या किलोमीटरला कुठल्या नंबरचा माणूस चढला, ते तिने लिहायचं.

"अंकल, थर्टी सेव्हनला दोन मिनिटं थांबा हं. टायमिंग नोट करायचंय."

मी तळ्याच्या कुंपणाशी गाडी लावली. फुटपाथवर एक बाई उभी होती. अंगात धावायचे कपडे, छातीवर नंबर ३३१८, एक हात वर. मी सवयीने बटण दाबून दार उघडलं. ती चढली, रॉड धरून क्षणभर थांबली, मग पाय ओढत मागे गेली आणि शेवटच्या सीटवर बसली.

"डमी रनर असेल," स्मृती म्हणाली. "पिकअप टेस्ट करायला ठेवतात. मेकअप बघा ना, किती रिअल." आणि तिने शीटवर लिहिलं, ३३१८, सदतीस किलोमीटर, नऊ बेचाळीस.

मी आरशात बघत होतो. घाम सुकून त्या बाईच्या गालांवर मिठाचे पांढरे ओघळ आले होते. नंबराचा कागद तीनच पिनांवर होता, चौथा कोपरा वाऱ्याने फडफडत होता. गाडीच्या खिडक्या सगळ्या बंद होत्या. आणि ती माझी संयोगिता होती.

मी फोन काढून तिचा नंबर लावला. गाडीत कुठे रिंग वाजली नाही.

"हां अप्पा, बोला."

"कुठे आहेस?"

"घरात. टी-शर्टला नंबर लावतेय. चार पिना म्हणाले आणि पाकिटात तीनच निघाल्या. आईच्या डब्यातही नाही एक."

"नंबर किती तुझा?"

"तेहतीस अठरा. का हो?"

"सुम्ने," मी म्हटलं. उगाच विचारलं म्हणायचं तर आमच्या तोंडात हाच कन्नड शब्द येतो.

आरशात मागच्या बाईचे ओठ हलले होते. 'तेहतीस अठरा' म्हणताना हलतात तसे, पोरीच्या आवाजाबरोबर.

स्टेडियमपाशी स्मृती उतरून गेली. बाई उतरली नाही. मी दार उघडं ठेवून वाट पाहिली, मग मागे गेलो. म्हटलं, "उतरायचं, अक्का." तिने नाही म्हणून मान हलवली. पुढच्या सीटच्या पाठीवर तिने हात टेकले होते, तिथलं रेक्झिन ओलं आणि बर्फासारखं गार होतं. हनुवटीखाली व्रण होता. सात वर्षांची असताना नळावर घसरून पडली होती, तेव्हाचा.

आता माझ्यासारख्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने अशा वेळी काय समजायचं? सवारी कुठून तरी चढते. ही उद्याच्या सदतिसाव्या किलोमीटरवरून चढली होती. मी मनाशी धरलं की हा पोरीचा उद्याचा थकवा आहे, एक दिवस आधी गाडी पकडून बसलाय. मग बसू दे की. उद्या तळ्याशी पोचेपर्यंत ही आतच राहिली, तर बाहेरच्या पोरीला थकायला काही उरणारच नाही. दुसराही एक विचार आला होता, की उद्या तिथे पोरीचं काही बरंवाईट होणार आणि ही त्याची खूण. तो मी मनात पुरता उमटू दिला नाही. ताकाची बाटली आणि दोन केळी तिच्या शेजारी ठेवली आणि गाडीला कुलूप घातलं.

घरी संयोगिताने कॉटवर सगळं मांडून ठेवलं होतं. मोजे, टोपी, गुडघ्याचा पट्टा, मीठ-साखरेच्या पुड्या. मी चपला काढता काढता म्हटलं,

"या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी धाव."

"का?"

"ऊन फार पडणार म्हणतात."

"पहाटे चारला?"

माझी बायको अंबुबाई आतून म्हणाली, "धावू दे तिला. तुम्ही तेवढे त्या बसमधून तिच्याकडे टकमक बघू नका."

येताना मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून एक पिन आणली होती. ती नंबराच्या चौथ्या कोपऱ्याला माझ्या हाताने लावली. म्हटलं, एवढा तरी फरक पडू दे.

रविवारी तीस किलोमीटरपर्यंत सहा जण चढले. कुणी लंगडत, कुणी ओकत. जो तो मागे जायचा, शेवटच्या सीटच्या एक ओळ आधी थबकायचा आणि तिथेच बसायचा. का, ते एकालाही सांगता आलं नसतं. बाई होती तिथेच होती. ताक संपलं होतं आणि केळ्यांच्या सालांची नीट घडी घालून ठेवली होती. संयोगिता घालते तशी.

हलसूर तळं आलं. पुढे संयोगिता दिसली. धावत नव्हती, चालत होती, एक हात कमरेवर. गाडीचा आवाज ऐकून ती वळली. त्याच वेळी आरशात बाई उठली. एकेक रॉड धरत पुढे आली आणि दाराच्या पायरीवर उभी राहिली. बाहेर माझ्या पोरीने हात वर केला.

"अंकल, पिकअप," स्मृती म्हणाली.

मी बटण दाबलं नाही. दाराच्या काचेवर आतून श्वासाची वाफ धरली. बाहेरून पोरीने थाप मारली.

"अप्पा, दार उघडा. नाही होत आता."

"अडकलंय दार."

"अप्पा."

"आत्ता तर उघडत होतं ना?" स्मृती शीट चाळत म्हणाली. मग तिचं बोट थांबलं. "एक मिनिट. थर्टी थ्री एटीन? ही तर ऑलरेडी चढलीये. लिहिलंय मी." कालची शीट बदलायला ती विसरली होती.

"मग झालं. चढलेल्याला परत कसं चढवायचं?"

स्मृतीने मान वर केली. काचेबाहेर बघितलं, मग पायरीकडे बघितलं. पॅड मांडीवर उलटं ठेवलं. त्यानंतर स्टेडियमपर्यंत तिने समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही.

बाहेरची पोर मला काय काय बोलली ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "नको होतात तेव्हा दर वेळी आलात. आज मी बोलावतेय तर दार उघडत नाही तुमचं." मग तिने तोंड पुसलं आणि पळायला लागली. रागाने पळायला लागली. पायरीवरची बाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि परत मागे जाऊन बसली. मी पुढच्या वळणावर मुद्दाम इंजिन बंद पाडलं आणि दोन-तीन मिनिटं चालू होऊ दिलं नाही. कॅप्टनने हरकत घेतली नाही.

सहा तास अठ्ठावीस मिनिटं. पोरीच्या गळ्यात मेडल पडलं. मी संध्याकाळी गाडीची किल्ली नरसिंहकडे दिली. मागची सीट रिकामी नाही, हे सांगितलं नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "दारात ती बाई उभी होती, तिला घेतलंत. मग मला का नाही?"

"कुठली बाई?"

"ओळखीची वाटली. बँकेत येत असेल."

तेव्हा ती उभ्याने जेवत होती. पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. आठवड्याने अंबुबाईने मला बाजूला घेतलं. "पोरगी खाली बसलेली बघितलीत तुम्ही? पायाची दोन नखं काळी पडलीत, दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. माळ्यावरचे सगळे पितळेचे डबे घासून झाले, आता शेजारच्या अहल्याक्कांचे मागून आणलेत." डॉक्टरने सगळं तपासलं आणि सगळं उत्तम आहे म्हणाला. बँकेत ती दिवसभर काउंटरशी उभी असायची, लोक कौतुक करायचे. तिच्या डोळ्यांत मात्र हळूहळू काहीतरी ताणलं जात होतं. पापणी लवायची तीही मोजून लवल्यासारखी.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्याजवळ आली. "अप्पा, मी बसते तेव्हा बसल्यासारखं वाटतच नाही. आडवी होते, पण आडवी झाल्यासारखं वाटत नाही. काल रडायला आलं, तेही थोडंसं येऊन राहिलं. मी पोचलेय ना नक्की तिथं? की अजून धावतेच आहे?"

मी नरसिंहच्या गाडीकडे एकटाच जाणार होतो. ती सीट शोधायची, त्या बाईला समजावून घरी आणायचं, हे माझं ठरलंही होतं. पण तोंड उघडलं आणि सगळंच सांगून बसलो. शनिवार, पिन, शीट, पायरी.

तिने उभ्यानेच सगळं ऐकलं.

"ताक प्यायली का ती?"

"प्यायली."

"केळी?"

"दोन्ही खाल्ली."

"चला," ती म्हणाली. "गाडी कुठे आहे ते दाखवा फक्त."

मेट्रोने व्हाइटफील्डला गेलो. सबंध डबा रिकामा होता, ती दांडी धरून उभी. एका कंपनीच्या फाटकाबाहेर पर्जन्यवृक्षाच्या सावलीत गाडी लागली होती. नरसिंह पुढच्या चाकाशी बसून डब्यातलं चित्रान्न, म्हणजे आपला लिंबूभात, खात होता.

"बरं झालं आलात, सयाजण्णा," तो म्हणाला. "मागच्या सीटला काय केलंत तुम्ही? जो बसतो तो झोपतो. कालचं ते गिऱ्हाईक बनशंकरीपर्यंत जाऊन परत इथं आलं, जागं झालं आणि मलाच शिव्या द्यायला लागलं."

काचेतून बघितलं. बाई शेवटच्या सीटवर होती, डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाढ झोपली होती. गालावरचं मीठ गेलं होतं. माझी पोर तीन आठवड्यांत झोपली नव्हती तेवढं सगळं ती झोपली होती.

मी दाराकडे निघालो, तर संयोगिताने हात आडवा घातला.

"तुम्ही खालीच थांबा."

"अगं पण ती—"

"अप्पा. खाली."

ती चढली. एकेका सीटच्या पाठीला हात लावत मागे गेली आणि त्या बाईसमोर उभी राहिली. काय बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. झोपलेल्या बाईने डोळे न उघडता गुडघे आवरून जागा दिली. संयोगिता बसली. खिडकीशी दोन डोकी दिसत होती. झाडाची सावली काचेवर हलली, मी चष्मा पुसून परत बघितलं तर एकच डोकं होतं. कोणाचं, ते एवढ्या अंतरावरून ओळखू येईना.

नरसिंहने डबा धुतला. फाटकातून ऑफिसची माणसं यायला लागली, चढायला लागली.

"जा, उठवा तिला," तो म्हणाला. "मला निघायचंय."

"नको."

"मग?"

"ने तशीच. तिचं ती उतरेल."

"कुठल्या स्टॉपला?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

दार बंद झालं. गाडी वळणावर नीट वळली. शेवटच्या खिडकीत एक हात काचेला लागून लोंबत होता, झोपलेल्या माणसाचा लोंबतो तसा. मी झाडाखाली उभा राहिलो आणि गाडी ट्रॅफिकमध्ये मिसळेपर्यंत जागचा हललो नाही.